भोंग्याच्या वेळी खोकायचं

"फिर निगेटिव?" डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं.

"निगेटिव कैसे कहूँ, सर? ये तो सिर्फ लार है।"

"तो ब्राँकायटिस लिख दो। बाहर पूरी शिफ्ट खड़ी है।"

एकाहत्तरची लढाई सुरू होती. जबलपूरच्या एका कारखान्याच्या दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन होते. ओव्हरटाइमला अंत नव्हता. कामगार खोकला तर त्याचा एक्स-रे त्याच दिवशी निघे, कारण मशीन थांबून चालणार नव्हतं. त्याच्या बायकोचा नंबर मात्र एक्स-रेची प्लेट उरली तरच लागायचा. तोवर तिचं सगळं माझ्या मायक्रोस्कोपवर.

टीबीचे जंतू तोंडातल्या लाळेत सहसा सापडत नाहीत. छातीतून खाकरून काढलेला बेडका लागतो, तोही शक्यतो सकाळी उठल्याबरोबरचा. पुरुषांना हे शिकवावं लागत नसे. ते व्हरांड्यात उभ्या उभ्या डबी भरत आणि वर कौतुकाने तिच्याकडे बघत. बायका मात्र लाळ आणून देत.

सुमन त्यातलीच. नवरा वसंता फिटर, घरात दोन वर्षांची मुलगी. ही इतकी वाळलेली की ब्लाउज खांद्यावरून घसरायचा. सोबत सासू असे आणि सगळी उत्तरं तीच देई.

"ताप येतो का गं?"

"नाही जी. थकली आहे जराशी," सासू म्हणाली.

मी सासूला खोकल्याच्या औषधाच्या रांगेत पिटाळलं आणि सुमनला विचारलं, "नीट खाकरत काहून नाहीस तू?"

"कसं खाकरू, दीदी? मोरीच्या दाराशीच मामाजींची खाट आहे. सुनेनं सासऱ्यासमोर असे आवाज काढायचे?" मग हळूच म्हणाली, "अन् बीमारी निघाली तं मले माहेरी धाडतीन. शहपुऱ्याकडं, खेड्यात. पोरगी इथंच ठेवून घेतीन."

तिची भीती खोटी नव्हती. सुनेला टीबी झाला की माहेरी पोचवणं हाच आमच्या वस्तीतला उपचार होता. खेड्यात रोजचं इंजेक्शन कोण देणार? अशा गेलेल्या बायका परत आलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. मला संताप आला, पण संतापाने डबी भरत नाही. दवाखान्यातच खाकर म्हणावं, तर पडद्यापलीकडे तिच्याच क्वार्टरांच्या लाइनीतले पुरुष रांगेत.

तेवढ्यात कारखान्याचा दुपारचा भोंगा वाजला आणि आम्ही गप्प झालो. तो वाजत असताना पार वस्तीपर्यंत शेजारच्याचंही ऐकू येत नसे. थांबला तेव्हा मला उपाय सुचला होता.

"सकाळचा भोंगा लागला की मोरीत जा, कडी लाव. खोल श्वास घे आणि पोटातून खाकर. तोफ उडाली तरी मामाजींना कळायचं नाही."

दुसऱ्या दिवशी डबीत घट्ट पिवळा बेडका होता. रंगवलेल्या काचपट्टीवर, निळ्यात लाल बारीक काड्या, टीबीचेच जंतू. आजार सापडला म्हणून आनंद व्हावा असं आमचं खातं! डॉक्टरांनी स्वतः बघितलं, ब्राँकायटिस खोडलं आणि नवऱ्याला बोलावलं.

वसंता त्याच दुपारी आईला घेऊन आला.

"मॅडम, मी हिले माहेरी नेऊन देतो. घरात लहान पोरगी आहे."

"आणि तिथे रोज सुई कोण टोचेल? तुमची मशीन?"

 सुमन भिंतीला टेकून उभी होती, चेहरा पांढराफटक.

"सुमन कुठी नाही जात," सासू म्हणाली. तिने पदराखालून बामची रिकामी बाटली काढून टेबलावर ठेवली. "माहं बी तपासा, बाई. आज भोंग्यात सुमन मोरीत शिरली अन् निघाली तं मोकळी दिसली. मंग भोंगा थांबायच्या आत मी शिरली. किती साल झाले, पदर तोंडात कोंबून राहिली मी."

वसंता आईकडे वळला. "आई, तू खोकतेस?"

"तू कधी विचारलं?"

बामच्या बाटलीतलं सॅम्पल चालत नाही. मी तिला स्वच्छ डबी दिली. दुसऱ्या सकाळच्या भोंग्यानंतर तीही भरून आली आणि त्यातही लाल काड्या निघाल्या. सुमनला हा आजार बहुधा घरातूनच लागला होता. आता दोघींना माहेरी कसं धाडणार? माहेरचा विषय पुन्हा निघाला नाही.

दोघी रोज बरोबर सुई घ्यायला येत. मुलीला तपासलं, ती ठीक होती. मामाजींची खाट ओट्यावर गेली. उपचार बरेच महिने चालले आणि दोघी बऱ्या झाल्या. सुनेचे सगळे ब्लाउज नव्याने शिवावे लागले, अशी तक्रार सासूनेच माझ्याकडे केली.

पुढे कोणी कामगार तपासायला आला आणि "घरी सब ठीक आहे, कोणी खोकत नाही" म्हणाला, की मी त्याच्या हातात एक डबी जास्तीची द्यायचे आणि भोंग्याची वेळ सांगायचे.