टाळ्या मुलांच्या होत्या

हे लिहायचं मी पाच वर्षं टाळलं. मधे एकदोनदा कागद घेऊन बसलोही, पण दर वेळी पहिल्या ओळीपासून बाईंचं कौतुक सुरू व्हायचं, आणि त्या कौतुकाच्या आडून मी मूळ गोष्ट चुकवतोय हे माझं मलाच कळायचं. गेल्या महिन्यात एका सकाळी साताऱ्यातल्या घरी फोन आला. सांगलीहून अशोकराव मगदूम बोलत होते. "सर, सुलभा गेली... पहाटे. तुम्हाला कळवावं म्हटलं." मी "अरेरे" म्हणालो. खरं सांगायचं तर दुःखाच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं. आता विचारणारं कुणी उरलं नाही, असं. त्या वाटण्याची इतकी लाज वाटली, की आता गप्प बसणं शक्य नाही.

सुलभा मगदूम पलूस तालुक्यातल्या आमच्या हायस्कुलात मानधनावर संगीत शिकवायच्या, आणि मी तिथे मुख्याध्यापक होतो. त्या सांगलीहून रोज स्कूटरवरून यायच्या. हळदीच्या पेठेत त्यांच्या यजमानांची, अशोकरावांची अडत होती, त्यामुळे बाईंच्या पिशवीलासुद्धा हळदीचा वास यायचा. त्यांनी शाळेत बावीस मुलांचा वाद्यवृंद उभा केला होता. सहा पेट्या, तबले, बासऱ्या, दोन व्हायोलिन, एक ढोलकी. ऊसतोडीच्या दिवसांत निम्मी मुलं गैरहजर असताना हे जमवणं सोपं नव्हतं. पेटीवाल्यांमध्ये पुढे बसायची ती प्राजक्ता. तिचे आईवडील आटपाडीकडचे, मेंढरं घेऊन फिरणारे, आणि मुलगी मामाकडे राहून शिकत होती. बाई तिच्याबद्दल बोलायला लागल्या की स्टाफरूममधले लोक घड्याळाकडे बघायचे.

मग शाळा बंद झाल्या. गणित, इंग्रजी फोनवर सुरू झालं. वाद्यवृंद आपोआप बंद पडला, असं मी धरून चाललो होतो. बाई मास्क लावून ऑफिसात आल्या आणि म्हणाल्या, "सर, वाद्यं मुलांच्या घरी पोचवायची आहेत."

"अहो, डेडस्टॉक रजिस्टरला नोंद आहे त्यांची. एखादी पेटी फुटली तर तपासणीत मी काय सांगू?"

"मग माझ्या सहीनं द्या."

मी रजिस्टर पुढे सरकवलं आणि त्यांनी बावीस ठिकाणी सह्या केल्या. आज आठवतं, की शाळेतलं जोखमीचं प्रत्येक काम मी असंच दुसऱ्याच्या सहीनं केलं.

पहिल्या दिवशी सगळ्यांना एकदम व्हिडिओ कॉलवर घेऊन त्यांनी देस रागातली एक धून वाजवायला सांगितली. मीही फोन लावून ऐकत होतो. प्रत्येकाचा आवाज पुढच्याला उशिरा पोचायचा, त्यामुळे बावीस जणांचे बावीस ताल झाले. "आवं बाई, रेंज न्हाई!" "बाई, मला तुमी दिसताय पर ऐकू येत न्हाई!" असा सगळा गोंधळ. दुसरं कुणी असतं तर सोडून दिलं असतं. बाईंनी दोन दिवसांत वेगळी रीत काढली. त्यांनी स्वतः तोंडानं मात्रा मोजून एक ध्वनिफीत केली. मुलांनी ती एका फोनवर कानात ऐकायची आणि दुसऱ्या फोनवर आपलं वादन भरून पाठवायचं. घरात दोन फोन नसतील तर शेजारच्या काकांचा मागून आणायचा. वाजवण्याआधी सगळ्यांनी एक मोठी टाळी द्यायची. मग बाई घरी कॉम्प्युटरवर बावीस टाळ्या एका ओळीत लावायच्या, की बावीस वादनं एकाखाली एक बसायची.

एकदा माझ्या ऑफिसात बाई फोन स्पीकरवर ठेवून ढोलकीवाल्या पोराशी बोलत होत्या. "आलं का बाई माझं?" त्यानं विचारलं.

"आलं. पण तुझ्याआधी तुझी म्हैस आली."

"ती मधीच वराडली, बाई. मी काय करू?"

"तिला काही बोलू नकोस. तिनं बरोबर समेवर हंबरडा फोडला. सम तू चुकलास."

त्या वर्षी शालेय वाद्यवृंदांची एक स्पर्धा ऑनलाइन जाहीर झाली. बाईंनी सहा आठवडे खपून मुलांच्या वादनाचा व्हिडिओ तयार केला. ऑफिसात त्यांनी तो मला ऐकवला. एक व्हायोलिन जरा खाली उतरलेलं होतं, असं बाईंनीच सांगितलं, एका पेटीमागे कोंबडा आरवत होता, दुसऱ्या अंतऱ्यात दोघं मागे पडत होते. पण ते मुलांचं होतं. प्राजक्ताचा तुकडा आला तेव्हा बाई माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. मी म्हणालो, "हे असलं पाठवून शाळेचं नाव घालवायचं का? पेट्याच सगळा घोळ करतायत. त्या तुम्ही वाजवा. चित्र मुलांचं राहू दे."

"सर, ते मुलांचं आहे."

"सगळ्या शाळा तेच करणार आहेत. मी सांगतोय ना?"

माझ्या निवृत्तीला आठ महिने राहिले होते, आणि जाताना एक ढाल ऑफिसात लागावी एवढीच हाव होती. बाईंनी व्हिडिओ बंद केला. मग विचारलं, "मुलांना तुम्ही सांगाल? की पेट्या बदलल्या त्या ती कमी पडली म्हणून नाही, तुमचं म्हणणं होतं म्हणून? मी सांगितलं तर सबब वाटेल." मी म्हणालो, "शाळा उघडली की सांगतो." त्यांनी घरी आपल्या पेटीवर सहाही जणांचे भाग वाजवले. टाळ्या मात्र काढल्या नाहीत. 'वादन विद्यार्थ्यांचेच आहे' या दाखल्यावर सही बाईंची घेतली गेली, हे सांगायलाच नको.

व्हिडिओ मुलांच्या ग्रुपवर गेला. चार दिवसांनी बाई ऑफिसात आल्या आणि प्राजक्ताचा निरोप त्यांनी फोनवर मला ऐकवला. दोनच वाक्यं होती. "बाई, टाळी माझी हाय. पुढचं माझं न्हाई." बाई म्हणाल्या, "सर, आजच सांगा तिला." मी म्हणालो, "बघतो."

मग स्पर्धेच्या परीक्षकांचं पत्र आलं. जाणकार माणूस असावा. त्यानं लिहिलं होतं, की सहा मुलं सहा घरांत सहा वेगळ्या पेट्या वाजवताना दिसतात, पण सहाही पेट्यांचा मध्यम एकाच तऱ्हेनं घरघरतो. बाईंच्या घरच्या पेटीचा तो सूर बिघडलेला होता. त्या रोजच वाजवत असल्यामुळे त्यांच्या कानाला ती घरघर जाणवतच नव्हती. आणि मला सुरातलं काहीच कळत नव्हतं.

संस्थेचे दोन सभासद चौकशीला आले. ऑफिसात चौघे जण लांब लांब बसलो होतो. त्यांनी मला विचारलं, "तुम्हाला याची कल्पना होती?" टेबलावर सॅनिटायझरची बाटली होती, तिच्याकडे बघत मी म्हणालो, "नाही. बाईंनी मला ऐकवलंच नव्हतं."

"ऐकवलं नव्हतं?" बाईंनी एवढंच विचारलं. मला. मी मान वर केली नाही. मग त्या सभासदांकडे वळून म्हणाल्या, "वाजवलं मीच. टाळ्या मुलांच्या आहेत."

पुढच्या वर्षी त्यांना पुन्हा बोलावलं नाही. वाद्यं परत आली, मोजून घेतली, कपाटाला कुलूप लागलं. मुलं दहावी होऊन गेली. गावात पसरलं ते असं, की बाईंना आपल्या पोरांवर भरवसा नव्हता, म्हणून त्यांनी लबाडी केली. पोरांनीही तेच धरलं. प्राजक्तानं पेटी परत करताना बाईंना भेटायचंसुद्धा टाळलं, असं शिपायानं मला सांगितलं होतं. तिला दोन वाक्यांत खरं सांगणं माझ्या हातात होतं. निरोपसमारंभात मला शाल मिळाली आणि मी साताऱ्याला आलो.

गेल्या वर्षी बाईंचं हृदयाचं दुखणं वाढल्याचं कळलं, तेव्हा सांगलीला गेलो. एसटीत कराडपासून एकच वाक्य घोकत होतो. वरच्या मजल्यावरच्या खोलीत त्या उशीला टेकून बसल्या होत्या. खूप वाळल्या होत्या. मला बघून हसल्या. "या सर. एवढ्या लांब आलात म्हणजे कशावर तरी माझी सही हवी असणार."

अशोकराव म्हणाले, "अगं, पाणी तरी घेऊ दे त्यांना."

मीही हसलो. गुडघ्यांचं झालं, साताऱ्यातल्या हवेचं झालं. चहा आला. मग बाईंनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "सर, सांगितलंत का हो मुलांना?"

आणि मी म्हणालो, "सांगितलं."

"प्राजक्ताला?"

"हो."

"काय म्हणाली?"

"काही नाही... हसली."

बाईंनी डोळे मिटले. "बरं झालं," म्हणाल्या. चेहरा इतका निवांत झाला, की मला वाटलं, यात वाईट काय झालं? आजारी माणसाला बरं वाटलं. घरी पोचेपर्यंत मी हे स्वतःला पटवूनही टाकलं.

बाई गेल्यावर मी भेटायला गेलो, तेव्हा अशोकराव पलंगाच्या कडेला बसले होते. रागावले नाहीत. म्हणाले, "तुम्ही येऊन गेल्यावर तिनं प्राजक्ताचा नंबर मिळवला, सर. पोरगी मिरजेत नर्सिंगला आहे. सुलभानं खुशीत फोन केला, 'सर बोलले ना तुझ्याशी?' ती म्हणाली, 'कोण सर? कशाबद्दल?'"

"मग बाईंनी सांगितलं ना तिला?"

"नाही. फोन ठेवला. मी म्हटलं, अगं तूच सांग की आता. तर म्हणाली, ते सरांनी सांगायचं ठरलंय."

तेव्हा प्राजक्ता, आणि तिच्या रांगेत बसणारी तुम्ही पाचही मुलं, हे तुमच्यासाठी आहे. तुमच्या पेट्या मी बदलायला लावल्या. बाईंनी विरोध केला होता. तुमचं वादन त्यांनी मला ऐकवलं होतं, आणि चौकशीत मी खोटं बोललो. त्या वादनात तुम्ही कुठेही कमी पडला नव्हता, मला ऐकता येत नव्हतं. हा मजकूर मी संस्थेकडेही सहीनिशी पाठवला आहे. याला फार उशीर झालाय, हे मला माहीत आहे. तुम्ही मला माफ करावं असं मी म्हणत नाही.

बाईंना मात्र आता काही सांगता येणार नाही. त्या शेवटच्या भेटीच्या दिवशी मी जिना उतरून फाटकापर्यंत आलो होतो. एसटीतलं ते वाक्य अजून तोंडात तयार होतं. 'बाई, मी तुमचा विश्वासघात केला, मला क्षमा करा,' एवढंच. मी कडीवर हात ठेवून थांबलो. वर खिडकीत बाई उठून उभ्या राहिलेल्या दिसल्या. उठायची त्यांना मनाई होती.

"सर," त्यांनी वरून विचारलं, "काही राहिलं का?"

मी वर बघून म्हणालो, "नाही बाई. काही नाही."