भिंगरीची टेकडी

माझी मामेबहीण लहानपणापासून एका जागी कधी बसलीच नाही. जेवतानासुद्धा ताट हातात घेऊन घरभर फिरायची. "हिच्या पायाला भिंगरी बांधलीय कुणीतरी," असं मामी म्हणायची आणि बघता बघता घरात तिचं नावच भिंगरी पडलं. मी कॉलेजसाठी मामाकडे राहायला आले तेव्हा आम्हा दोघींना मिळून एक खोली मिळाली. खोली कसली, मामाच्या शिवणाच्या दुकानाचा मागचा भाग. भिंतीशी कापडाचे तागे, मध्ये पडदा आणि पडद्यापलीकडे मशीनची दिवसभर खडखड.

तिची थोरली बहीण, आमची ताई, नर्स झाली होती, तशीच हीही व्हावी अशी मामीची फार इच्छा. भिंगरीने घेतला भूगोल. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "त्यात बाहेर फिरायला मिळतं."

कसचं काय. पहिली दोन वर्षं तिची विद्यापीठातल्या एका लांबट खोलीत गेली. तिथे नकाशांसाठी उथळ खणांची कपाटं होती आणि खालून उजेड पडणारं एक काचेचं टेबल. त्यावर कागद पसरून समोच्चरेषा गिरवायच्या, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा. रेघा जिथे दाटीवाटीने येतात तिथे चढ उभा, एवढं मलाही तिच्यामुळे कळलं. ती मात्र वैतागायची. "डोंगर शिकवतायत की कशिदा, तेच कळत नाही मला." गुण जेमतेम पडायचे. सोडून द्यायच्या गोष्टी करायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायची.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एक उतार निवडून त्याची माती हलते का, ते पाहायचं होतं. त्यांचे सर मोठे शांत. काहीही बोलायच्या आधी चष्मा काढून पुसायचे. भिंगरीने ताईच्या घरामागची टेकडी निवडली. ताईने आणि भावोजींनी नव्या वस्तीत नुकतंच घर बांधलं होतं. प्रकल्पही होईल आणि दुपारचं जेवणही, असा हिचा साधा हिशोब.

काम तसं सोपं होतं. उतारावर आडव्या सरळ ओळीत लोखंडी खुंट्या ठोकायच्या. दोन्ही टोकांच्या खुंट्या पक्क्या खडकात, मधल्या मातीत. दोरी ताणून बघायचं. माती खाली सरकली की सरळ ओळीला पोट सुटतं. आणि तसं ते सुटायला लागलं. आधी नखाएवढं, मग बोटाएवढं. भिंगरीला वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय. मामाची मापाची टेप पळवून तिने पुन्हा मोजलं. पोट होतंच.

त्याच सुमाराला एका रविवारी आम्ही ताईकडे गेलो. भावोजी शहरातली बस चालवायचे. दिवसभर हॉर्न ऐकून किटलेला माणूस घरी आला की मागच्या अंगणात रमायचा. ऐन उन्हाळ्यात त्यांचं लिंबाचं झाड हिरवंगार होतं.

"थेंबभर पाणी घालत नाही मी," ते कौतुकाने सांगत होते. "आमच्या मातीचा गुणच तसा आहे."

भिंगरी वाकली. मूठभर माती उचलून तिने दाबली. ओली होती. त्यानंतर जेवताना, आश्चर्य म्हणजे, ती जागची हलली नाही.

मागच्या खोलीच्या भिंतीला एक चीर होती. भावोजींनी एकदा बुजवली होती, ती पुन्हा वर आली होती. पुढच्या खेपेला भिंगरीने त्या चिरेवर काचेची एक अरुंद पट्टी सिमेंटने आडवी चिकटवली.

"हे काय आणि?" ताईने विचारलं.

"काच ताणली जात नाही, ताई. भिंत हलली तर ती तडकेल."

"आणि नाही हलली तर?"

"तर मला जेवायला घालणं बंद कर."

महिना व्हायच्या आत पट्टी तडकली. मागचं दार आपल्याकडूनच आपटलं असणार, असं भावोजी म्हणाले. भिंगरीने दुसरी लावली. ती तडकली तेव्हा सगळे चार दिवस बाहेरगावी होते आणि घराला कुलूप होतं. ताईने त्या काचेवरून दोनदा बोट फिरवलं.

भिंगरी सरांकडे धावली. "ही टेकडी कधी खाली येईल, सर?"

सरांनी चष्मा पुसला. "कुठे येईल ते आपण बऱ्यापैकी सांगू शकतो. कधी, ते नाही. या पावसात येईल, दहा वर्षांनी येईल, कदाचित येणारही नाही."

"मग घरी काय सांगू मी?"

"जे मोजलंस तेवढं सांग."

ती तेवढ्यावर थांबली नाही. पावसाच्या आधी घर सोडा, असं तिने थेट सांगून टाकलं. भावोजी भडकले. "परीक्षा हिची आणि घर सोडायचं आम्ही? अजून भिंतींचा रंग वाळला नाही आमच्या."

मामानेही भिंगरीलाच गप्प केलं. शेवटी निकाल लावला तो ताईने. रांगत्या मुलीला कडेवर घेऊन ती म्हणाली, "दोनदा थर्मामीटर लावला, दोनदा ताप निघाला. तिसऱ्यांदा लावून बघायला मी थांबणार नाही."

मुलीला आणि बोचकी घेऊन ताई मामाकडे आली. नाइलाजाने भावोजीही आले. आमची खोली त्यांना गेली आणि आम्ही दोघी दुकानात, कापडं कापायच्या टेबलाखाली झोपायला लागलो. घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. मुलगी दिसतील ती रिळं तोंडात घालायची. मामा गिऱ्हाइकाचं माप घेत असताना भावोजी दारात पेपर धरून बसायचे आणि पान काही उलटायचे नाहीत.

पाऊस आला. दरवर्षीसारखाच पडला. टेकडी जागेवर. भावोजी रोज ड्युटीवरून येताना वस्तीत चक्कर मारायचे आणि चपला काढता काढता सांगायचे, "आहे हो. तुमची टेकडी आहे तिथेच आहे." वस्तीतली माणसं भिंगरीला बघून विचारायची, "काय बाई, आज घसरणार का उद्या?" ती हसून पुढे जायची आणि घरी येऊन नखं कुरतडत बसायची. बसायची तरी कुठे, या दारातून त्या दारात. वर्गात लक्ष नाही, अन्नावर वासना नाही. दिवसातून एकदा तरी टेकडीवर जाऊन आल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही, आणि जाऊन आल्यावर तर मुळीच पडायचं नाही. ओळीचं पोट वाढतच होतं, पण फार हळू.

एके दुपारी आम्ही गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. आभाळ भरून आलं होतं. ती एकदम म्हणाली, "हे ढग बघून मला आत्ता बरं वाटलं."

"उकडतंय म्हणून?"

"नाही. टेकडी पडावी असं वाटतंय मला. रोज वाटतं." हातातला शर्ट तिने नको इतका पिळला. "तिथे माणसं राहतात अजून. आणि मी वाट बघतेय."

मी तिच्या हातातून शर्ट घेतला.

दुसऱ्या दिवशी हेच तिने सरांना सांगितलं. मला वाटलं, ते तिची समजूत घालतील. सर म्हणाले, "मग वाट बघणं सोड. उन्हाळ्यात त्या मातीत पाणी कुठून आलं होतं, ते शोध."

पावसाचं नव्हे, हे उघड होतं. वस्तीच्या वर टेकडीच्या माथ्यावर पाणीपुरवठ्याची मोठी टाकी होती. भिंगरीने ताईच्या घरामागे झिरपणारं पाणी बाटलीत भरलं आणि रसायनशास्त्राच्या विभागात नेलं. नळाच्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं, पावसाच्या पाण्यात नसतं. बाटलीतल्या पाण्यात ते निघालं. सरांनी तिला बरोबर घेतलं आणि पाणी खात्याच्या कचेरीत खेटे घालायला सुरुवात केली. तिथल्या इंजिनिअरने आधी टाळलं, मग कंटाळला आणि कंटाळून का होईना, आला. टाकीखाली खणलं तेव्हा जमिनीतल्या पाइपाचा सांधा सुटलेला सापडला. किती वर्षं पाणी टेकडीच्या पोटात मुरत होतं, कोण जाणे. सांधा बदलला. वस्तीच्या वरच्या अंगाला पाणी वळवणारा चर खणला.

पाऊस सरता सरता खुंट्यांची ओळ स्थिरावली. पुढच्या महिन्यातही तशीच. ताई सामान घेऊन घरी परत गेली. भावोजींनी वस्तीभर सांगितलं, "काही झालं नाही. पोरीने उगाच घाबरवलं." चर नसता तर टेकडी आली असती, हे भिंगरीने कुणाला दाखवायचं कसं?

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी विचारलं, "टेकडी पडली का?"

"नाही."

"पडली असती का?"

"सांगता येत नाही."

"मग एवढ्या खटाटोपातून मिळवलंस काय?"

"पाइप दुरुस्त झाला," भिंगरी म्हणाली. बाई हसल्या. गुण बरे पडले.

पण तिच्या शब्दावर घर सोडून ताईचंही हसं झालं होतं, आणि दोघी बहिणींत काहीतरी आखडलं ते आखडलंच. ताई बोलायची, विचारपूस करायची, पण पाहुण्याची करावी तशी. घाटरस्त्यांचे उतार तपासणाऱ्या एका कंपनीत भिंगरीला नोकरी लागली. काही महिने इथे, काही महिने तिथे. फोनवर मामी विचारायची, "एका जागी टेकणार कधी तू?" ती म्हणायची, "टेकवतील तिथे टेकते." कुणाच्याही घरी गेली की आधी तिची नजर भिंतींवरून फिरते आणि मगच ती माणसांशी बोलते. ही खोड अजून गेलेली नाही.

गेल्या वर्षी ती सुट्टीवर मामाकडे आलेली असताना ताईचा फोन आला. शेजारच्याने खोली वाढवायला मागची टेकडी खणायला घेतली होती.

"तुझे भावोजी कालपासून समजावतायत त्याला, पण तो ऐकत नाही," ताई म्हणाली.

"काय सांगतायत?"

"तू सांगायचीस तेच. फक्त जरा जास्त ओरडून." आणि मग, "तू येतेस का?"

आम्ही दोघी लगेच निघालो. बसमध्ये तिने दोनदा जागा बदलली. शेजाऱ्याशी ती दुपारपर्यंत बोलत होती. उतार हाताने दाखवून, त्याच्याच फावड्याने मातीत रेघा ओढून. शेजारी म्हणजे एक नंबरचा हेकट, पण शेवटी खोली गच्चीवर चढवायला तयार झाला. भावोजींनी स्वतः त्याच्याकडचं फावडं उचलून आत ठेवलं.

दोन दिवस राहा, असं ताईने तिला हात धरून सांगितलं. ती एक दिवस राहिली.