साडूंनी घातलेलं दूध

खरं बोलून लोकांना अडचणीत आणणारा आमच्या साडूंसारखा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा नसावा. खोटं बोलणारे पुष्कळ असतात आणि त्यांच्याशी कसं वागायचं हे आपण हळूहळू शिकतो. पण एक विचारलं की चार खऱ्या गोष्टी सांगणाऱ्यापुढं इलाज चालत नाही. हे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, मूळचे कन्नड तालुक्यातले. मुलगी पाहायला गेले तेव्हा सासऱ्यांनी नुसतं शिक्षण विचारलं, तर हे म्हणाले, "बी.कॉम. झालोय, पण एकदा नापास होऊन. झोपेत घोरतो, अन् एक दाढ किडलेली हाय." सासूबाईंना हा जावई इतका आवडला, की पुढं माझी पाळी आली तेव्हा मी एकही दोष सांगेना म्हणून त्यांना माझा बरीच वर्षं संशय होता. गुलमंडीच्या बाजारात साडूंचं कापडाचं दुकान आहे. गिऱ्हाइकानं साडीवर हात ठेवला की हे म्हणणार, "हा रंग दुसऱ्या धुण्याला टिकायचा नाय, ताई." हिशेबानं पाहिलं तर दुकान केव्हाच बंद पडायला हवं होतं. पण ज्या साडीबद्दल ते गप्प बसतात ती बायका डोळे मिटून घेतात, त्यामुळं एकंदर बेरीज जुळते.

रस्त्यावरही तेच. एकदा मी त्यांच्या स्कूटरवर मागं बसलो होतो. जालना रोडच्या सिग्नलला पुढचं चाक पांढऱ्या पट्ट्यावर वीतभर गेलं. साडूंनी स्कूटर कडेला लावली आणि चौकातल्या पोलिसाकडं दंड भरायला गेले. त्याच्या डोळ्यांसमोरून तेवढ्यात तिघं एका मोटरसायकलवर बसून निघून गेले होते. तो वैतागून म्हणाला, "चाचा, दिमाग मत खाओ, घरकू जाओ." साडू पावती मागत उभेच. शेवटी मीच त्यांना दंडाला धरून आणलं.

अशा बापाच्या लेकीनं सिग्नल तोडून दूधवाल्याला उडवावं, हे आम्हाला कुणालाच खरं वाटलं नाही. मुक्ता इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. परीक्षेला उशीर झाला होता, म्हणून लाल दिव्यात गाडी दामटली आणि मोटरसायकलवरच्या बबनला धडकली. कॅन रस्त्यावर लवंडले, बबनचा पाय मोडला, मुक्तावर बेदरकारपणे गाडी चालवल्याचा गुन्हा दाखल झाला. बबन मूळचा देवगाव रंगारीचा, हर्सूलच्या बाजूला चार म्हशी बाळगून सिडकोत दूध घालणारा. त्याच्या खाटेपाशी बसून साडू म्हणाले, "पाय बरा होईस्तोवर तुझं दूध मी घालतो." आणि खरंच घालायला लागले. पहाटे स्कूटरवर कॅन बांधायचे, मागं मुक्ताला बसवायचे आणि दारोदार जायचे. दार उघडणाऱ्या प्रत्येकाला आधी ऐकवायचे, "तुमच्या बबनचा पाय हिनं मोडला. सिग्नल लाल व्हता." मुक्ता माप हातात घेऊन मान खाली घालून उभी. चौथ्या-पाचव्या दिवशी एका बाईंनी विचारलं, हल्ली दूध दाट कसं? साडू म्हणाले, "तो पाणी घालतो, मी नाय घालत." महिन्याभरात सगळी आळी शहाणी झाली. बबन कपाळाला हात लावून मला म्हणाला, "साहेब, पोरीनं पाय मोडला, बापानं धंदा मोडला. आता बरा होऊन करू काय?"

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण मुक्ताला कॅनडात पुढचं शिक्षण घ्यायचं होतं. तिला हवा तो विषय एकाच विद्यापीठात होता आणि तीन वर्षं ती त्याच्याच मागं होती. वकील म्हणाले, गुन्हा नाकबूल करा. चौकातला कॅमेरा बंद होता, साक्षीदार धड नाही, मुलगी सुटेल. साडू म्हणाले, "पण लाल व्हता ना." मुक्ताही म्हणाली, "लालच होता, काका." कोर्टात तिनं कबूल केलं, शिक्षा म्हणून दंड झाला, आणि अर्जात नेमका तोच प्रश्न होता: कोणत्याही न्यायालयानं तुम्हाला दोषी ठरवलं आहे का? अर्ज भरून देणारा एजंट म्हणाला, वाहतुकीचं धरत नाहीत, 'नाही' लिहा. मी कागदावर दोन्ही बाजू मांडल्या. लपवलं आणि पुढं उघडकीला आलं तर प्रवेश रद्द, वर कायमचा डाग. सांगितलं तर कदाचित सुरुवातीलाच नकार. म्हणजे सांगणंच कमी तोट्याचं. साडूंना या मांडणीची गरज नव्हती. खुलाशाला जागा अडीचशे शब्दांची. यांनी लिहून आणलेल्या मजकुरात बबनच्या म्हशींची नावंसुद्धा होती. काटछाट मी केली. म्हशी गेल्या म्हणून ते दोन दिवस माझ्याशी तुटक बोलले.

मग दीड महिना काहीच नाही. मुक्ता जेवणावरून अर्धवट उठायची. मेहुणी माझ्या बायकोला फोन करून म्हणायची, "यांच्या खरेपणापायी माझी पोर घरात बसणार." साडू ऐकायचे आणि पहाटे कॅन बांधून दूध घालायला जायचे. एका संध्याकाळी मुक्ताच्या विभागप्रमुखांचा फोन आला. शिफारसपत्र त्यांनीच दिलं होतं. विद्यापीठानं त्यांना विचारलं होतं, या मुलीला आपल्या चुकीची जाणीव आहे का? सर म्हणाले, "मी कळवलं, की अपघाताची हकीकत मला तिच्या वडिलांनी माझ्याच दारात सांगितली, आणि ही समोर उभी राहून माझ्या पातेल्यात दूध ओतत होती." सर बबनचे जुने गिऱ्हाईक, हे मुक्तानं लाजेपायी घरात सांगितलं नव्हतं आणि आमच्यापैकी कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. साडूंना ते ओळखत होते ते 'पाणी न घालणारा' म्हणून. पंधरा दिवसांत प्रवेशाचं पत्र आलं. मी त्या दुपारी जेवून जो झोपलो तो दिवेलागणीला उठलो. इतकं हलकं मला स्वतःच्या मुलाच्या निकालालाही वाटलं नव्हतं.

निघायच्या दिवशी बबन जरा लंगडत विमानतळावर आला. मुक्ताच्या हातात तुपाचा डबा देत म्हणाला, "ताई, तिकडं दूधवाला दिसला की गाडी हळू." सगळे हसले, मुक्ता रडता रडता हसली आणि आत गेली.

परतताना साडू माझ्या गाडीत पुढं बसले होते. सेव्हन हिलच्या चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाले, "साडूभाऊ, तिकडं गाड्या रस्त्याच्या उजव्या अंगानं चालतात म्हणं."

"हो."

"रस्ता ओलांडताना ही आधी कुठं बघंल?"

"शिकेल ती."

"व्हय, शिकंल," ते म्हणाले. "पण पहिल्या दिवशी?"

दिवा हिरवा झाला. मागच्यानं हॉर्न वाजवला, तरी मला लगेच गिअर टाकवला नाही.