कळण्याच्या भाकरीच्या रंगाची किनार

सुरतेत आमच्या गोडादऱ्याच्या गल्लीत दोन्ही बाजूंना एकाच साच्यातली रो हाऊसं होती. दारं सारखी, पिवळा रंग सारखा, ओटला सारखा आणि ओटल्यापुढे फुलझाडांपुरती हातभर माती, तिला आम्ही क्यारी म्हणायचो. बिल्डरनं एकच घर बांधलं आणि त्यापुढे आरसे लावून ठेवले, असं आमचे हे म्हणायचे. आम्हाला काही वाटत नव्हतं त्याचं. घर आपलं स्वतःचं आहे ना, मग झालं!

वाटलं ते माझ्या सासूबाईंना. सासरे गेल्यावर त्या खानदेशात गावी एकट्याच राहायच्या. हे त्यांचे एकुलते एक. किती विनवण्या केल्या तेव्हा माय सुरतेला आल्या. मीही त्यांना मायच म्हणायचे. पण आल्या त्या दिवशी त्यांनी आपली कापडी पिशवी लुगड्यांसकट खुंटीला अडकवली, ती तशीच ठेवली. म्हणजे कधीही निघायला तयार! हे मिलमधून आले की आधी खुंटीकडे बघायचे, पिशवी आहे ना म्हणून.

बरं, मायना अक्षरओळख नव्हती. घराचा नंबर काय उपयोगाचा? एक दिवस देवळातून आल्या त्या सरळ शेजारच्या गुजराती बेनच्या घरात. स्वयंपाकघरात गेल्या, पातेल्यावरचं झाकण काढलं, डाळ चाखली आणि ओरडल्या, "पोरी, दायमा गूळ का बरं टाका?"

बेन न्हाणीतून बाहेर आली ती हसतच, आता जेवूनच जा म्हणत. "माजी, आ तो मारुं घर छे! बेसो ने, हवे जमीने ज जाव!"

गल्लीभर हशा झाला. माय मात्र लाजेनं लाल. घरी येऊन पिशवीला हात घातला. "बठा घरे सारखाच. माले आठे नही ऱ्हावानं. गावले मन्हं घर आंधयालेबी सापडस!"

ह्यांचा चेहरा उतरला. मग मला एक सुचलं. पाणी घातलं की क्यारीतली माती ओटल्यावर यायची, म्हणून सिमेंटची किनार करायचीच होती. तीच रंगीत केली तर? गल्लीच्या तोंडापासून दिसेल अशी. मग माय कशाला चुकतील?

झालं! रंग कोणता, यावर गल्लीची सभा भरली. आमच्याकडे घरटी कोणी ना कोणी कापडाच्या कामात. हे तर डाईंगमध्येच. तिथल्या रंगाच्या मास्तरांना विचारून त्यांनी जुनं शेड कार्ड आणलं, कापडाचे तुकडे चिकटवलेलं. आम्ही बाया ते तुकडे मातीवर धरून लांब जाऊन बघायचो.

"मोरपिशी घ्या, थंड वाटतो."

"मोरपिशी संध्याकाळी काळा दिसतो. राणी घ्या, राणी!"

"अहो, किनार क्यारीला करताय का साडीला?" समोरचे काका सायकल पुसता पुसता म्हणाले.

माय ओटल्यावर बसून तूर सोलत होत्या. त्यांना कोणी विचारलं नाही.

ठरला राणी. आणि रंग कुठून आणायचा? तर डाईंगमधूनच! उरलासुरला रंग ह्यांनी पुडीत बांधून आणला. गवंडी मराठवाड्याचा, आमच्याच मागच्या गल्लीत राहणारा. तो जरा थबकला. "दादा, हा कपड्याचा ना?"

"पॉलिस्टरवरून उतरत नाही तो, सिमेंटवरून काय उतरणार?" हे म्हणाले.

"मग होऊ द्या. रंग तो रंग," गवंडी म्हणाला.

काय सुरेख दिसली हो किनार! ओल्या सिमेंटात राणी कलर, जणू लग्नघर. दुसऱ्या दिवशी सकाळी मी हौसेनं पाणी मारायला घेतलं, आणि किनार वितळल्यासारखा रंग वाहायला लागला. ओटला गुलाबी, गटार गुलाबी. गल्लीतला पांढरा कुत्रा त्यात लोळून उठला तर पोट गुलाबी. मुलं त्यात नाचून घरोघर पावलं उमटवत सुटली. बेन दारातून ओरडली, "अरे, होळी तो गई!"

तेवढ्यात देवळातून माय आल्या. गुलाबी ओघळ बघत बघत बरोब्बर आमच्याच दारात! त्या कुत्र्याकडे पाहिलं आणि ओटल्यावर बसून, पदर तोंडाला लावून अशा हसल्या, अशा हसल्या! सुरतेत आल्यापासून पहिल्यांदा.

पण दुपारपर्यंत ओघळ वाळले, आणि किनार राहिली राखेसारखी. ह्यांनी गवंड्याला पुन्हा बोलावलं आणि आईपुढे बसून विचारलं, "माय, तूच सांग. कोणता रंग करू?"

माय उठल्या. टोपल्यातली कळण्याची भाकरी आणली, ज्वारी-उडदाची, काळपट तांबूस, आणि गवंड्यापुढे ठेवली. "हाऊ रंग पाहिजे."

"आजी, ही खायची का सिमेंटात मळायची?"

"आधी कर, मंग खाय!"

या वेळी फरशीवाल्याकडून सिमेंटात घालायची लाल आणि काळी भुकटी आणली. गवंडी तुटक्या कौलावर थोडं थोडं कालवून दाखवायचा आणि माय भाकरी शेजारी धरायच्या. "करपनी! लाल वाढव." मग वाळायला ठेवायचं, वाळलं की फिकं पडायचं. "आते कच्ची शे." शेवटी एक तुकडा असा जमला की मायनी मान डोलावली. "आते भाजायनी." गवंड्यानं भाकरी तिथेच, ठेच्याबरोबर, संपवली.

जुनी किनार खरवडून नवी घातली. क्यारीत लाल जास्वंद फुलली की नजर हटेना. माय मुद्दाम गल्लीच्या तोंडापर्यंत जायच्या आणि ताठ मानेनं परत यायच्या.

आता पुढची गंमत. बेननं गवंड्याला बोलावलं, "मारे पण एवी ज." मग समोरच्या काकांनी. मग पलीकडच्यांनी. बघता बघता सगळ्या गल्लीची किनार कळण्याची! झालं, घरं पुन्हा सारखी! हे पुन्हा खुंटीकडे बघायला लागले.

आणि एका संध्याकाळी माय देवळातून खरंच आल्या नाहीत. मी धावत सुटले. पाहते तर गल्लीच्या टोकाच्या घरात खुर्चीत बसून चहा पिताहेत.

"माय, हे आपलं घर नाही!"

"माले माहीत शे वं! रंग मन्हा, मंग बठा घरे मन्हाच. तू जाय, मी चहा पीसन येस."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खुंटीवरची पिशवी काढली. हातातलं काम टाकून मी पुढे झाले. त्यांनी लुगडी माझ्या कपाटात रचली, रिकामी पिशवी झटकली आणि ह्यांच्या हातात दिली.

"भाजी लई ये. आन् वांगा हिरवा देखीसन लयजो."

हे पिशवी घेऊन निघाले ते गाणं म्हणतच.