तिसऱ्या कपाची जर्सी

माझ्या थोरल्या जावेला अख्खं शहर मावशी म्हणतं, आणि मावशी म्हणणाऱ्यांनीच तिचा घात केला. हे आधीच सांगून टाकते. ही गोष्ट सांगताना मला राग आवरत नाही, आणि आवरायची इच्छाही नाही.

फुटबॉल क्लबाच्या मैदानात प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली एक लांबट खोली आहे. खिडक्या छताला चिकटलेल्या, त्यातून बाहेर चालणाऱ्यांचे फक्त बूट दिसतात. आत कपडे धुवायची मोठाली मशिनं, एक दगडी हौद आणि भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत इस्त्रीचं टेबल. ही जावेची खोली. थोरले दीर गेल्यावर ती इथे कामाला लागली आणि लग्न होऊन मी घरात आले तशी वर्षभरात मलाही तिने इथे ओढलं. म्हणजे घरी तिच्या हाताखाली, कामावरही तिच्याच हाताखाली. मला सासू नव्हती, पण तिची उणीव जाऊबाईंनी कधी भासू दिली नाही.

तिचे दोन नियम होते. खेळाडूने जर्सी सुलट करून, मोजे उलगडून टोपलीत टाकायचे. ज्याच्या मोज्यांचा बोळा सापडेल त्याचे मोजे न धुता त्याला परत जायचे, आणि ते घेऊन जिने चढायला अर्थातच मी. एकदा खुद्द प्रशिक्षकाचे मोजे मी असे परत नेले होते. तो माणूस माझ्याकडे बघतच राहिला, पण दुसऱ्या दिवशी मोजे सरळ आले. दुसरा नियम असा, की आलेला मळका कपडा त्याच दिवशी पाण्यात पडलाच पाहिजे. मळ मुक्कामाला राहिला की घरचा होतो, असं ती म्हणायची. कुणी काही वेगळं सांगितलं नसेल, तर टोपलीत आलेली वस्तू ही धुण्यासाठीच आलेली असते. यात चुकण्यासारखं काय आहे, तुम्हीच सांगा.

संघाचा आताचा कप्तान क्लबात आला तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. घरची आठवण आली की तो आमच्या इस्त्रीच्या टेबलावर येऊन बसायचा, कारण तिथे ऊब असायची. जाऊबाई त्याला आपल्या डब्यातलं खायला घालायची. तिला मूलबाळ नाही. तिने तसं कधी बोलून दाखवलं नाही, पण त्याची जर्सी ती मशिनमध्ये टाकायची नाही. पाठीवरचा आकडा निघतो म्हणे. मग बाकीच्यांचे आकडे काय दगडावर कोरलेले होते? मी तिला चिडवायचे. ती म्हणायची, तू तुझं बघ.

मग तो हंगाम आला. आधी लीग जिंकली. मग देशाचा कप जिंकला. उरला तिसरा, सगळ्या देशांतल्या विजेत्यांचा. एकाच हंगामात तिन्ही कप आमच्या क्लबाने कधी आणले नव्हते. शहराला वेड लागलं. माझ्या नवऱ्याने तर कुणाला न विचारता घराचं दार क्लबाच्या रंगात रंगवून टाकलं आणि वर मलाच विचारलं, कसं दिसतंय.

कप्तानाने दुसऱ्या कपानंतर आतला बनियन धुवायला द्यायचं बंद केलं होतं. धुतला तर नशीब जाईल, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. जाऊबाईने तो त्याच्या कपाटातून काढला आणि हौदात बुडवला. तो रडकुंडीला येऊन खाली आला, तेव्हा ती म्हणाली, "धुतल्यानं जातं ते नशीब नसतं रे, मळ असतो." तिसरा सामना तो त्याच धुतलेल्या बनियनमध्ये खेळला.

तो सामना परमुलखात झाला, मुसळधार पावसात. कप्तानाची भुवई फुटली, पट्टी बांधून तो परत आत आला आणि शेवटचा गोल त्याने त्याच डोक्याने केला. चिखलाने आणि रक्ताने माखलेला त्याचा फोटो दुसऱ्या दिवशी प्रत्येक दुकानाच्या काचेवर होता.

त्याच सकाळी कपड्यांची पेटी आमच्याकडे आली. वर रस्त्यावर उघड्या बसमधून मिरवणूक चालली होती, भोंग्यांनी कान किटले होते. पेटी जाऊबाईने उघडली आणि मी शेजारी उभी होते. सगळ्यात वर कप्तानाची जर्सी होती. सुलट केलेली, बाह्या सरळ केलेल्या. पेटीत पिशवीबिशवी काही नव्हती. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे आणि मला कुणी आंधळी म्हटलेलं नाही.

जाऊबाईचा चेहरा असा खुलला! एवढा कप उचलायच्या गडबडीत पोराने जर्सी सुलट करून टाकली, म्हणाली. मग दुपारपर्यंत ती हौदाशीच होती. रक्ताला थंड पाणी आणि मीठ, चिखलाला मऊ ब्रश, आणि बाकी सगळं बोटांनी. पांढरी जर्सी दोरीवर चढली तेव्हा भुवई फुटली होती हे कुणाला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी क्लबाच्या संग्रहालयाचे साहेब खाली आले आणि दोरीकडे बघून मटकन स्टुलावर बसले. ती जर्सी त्यांना तशीच मळकी, रक्ताची, काचेच्या कपाटात लावायची होती. कपाट तयार होतं, दिवे तयार होते. सामन्याआधी त्यांनी कप्तानाला एक खास पिशवी दिली होती, जर्सी यात घालून आणा म्हणून. आम्हाला यातलं अक्षरही कुणी सांगितलं नव्हतं. हौदापाशी काम करणाऱ्यांना कशाला सांगायचं?

वर कप्तानाला विचारलं. त्याने सांगितलं, जर्सी मी पिशवीतच घातली होती आणि पिशवी पेटीत ठेवली होती.

झालं. मग पिशवीतून काढली कुणी? चोर सोडून संन्याशाला फाशी देतात ते असं. जाऊबाईला अध्यक्षांच्या खोलीत बोलावलं. पेटीत पिशवी नव्हती, एवढंच तिने सांगितलं. अध्यक्ष हसले आणि म्हणाले, "मावशी, वय झालं की होतं असं." खाली येऊन तिने हे मला सांगितलं. तिच्यावर कुणी ओरडलं असतं तर ती दोन ऐकवून आली असती. ते हसणं मात्र ती पदरात घेऊन आली.

पेपरात बातमी आली. मग रस्त्यात माना वळायला लागल्या. भाजीवाल्याने तिला विचारलं, मावशी, कपसुद्धा घासून ठेवलेत की काय? लोक हसले. एका सकाळी आमच्या त्या रंगवलेल्या दारावर कुणीतरी चिखल फेकलेला होता. जाऊबाईने बादली आणली आणि दार धुतलं. माझ्या नवऱ्याने काय करावं? त्याने म्हणावं, वहिनी, एकदा माफी मागून टाका ना, क्लबाचा प्रश्न आहे. ज्या वहिनीने त्याला लहानाचा मोठा केला, तिच्या तोंडावर! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवशी त्याला जेवण त्यानेच वाढून घ्यावं लागलं आणि पुढचे बरेच दिवसही.

क्लबाने ठरवलं की धुतलेलीच जर्सी कपाटात लावायची, शेजारी चिखलातला मोठा फोटो, आणि खाली एक पाटी: धुलाई विभागाकडून चुकून धुतली गेली. ही पाटी एकदा बसली की आम्ही मेल्यावरही तिथेच राहणार. जाऊबाईला कामाची चिंता नव्हती. तिला ती पाटी नको होती. आणि ती पाटी थांबवू शकणारा माणूस एकच होता.

तो आला. भुवईवर टाके, अंगावर भारी कोट. इस्त्रीच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला, या वेळी बसला नाही. मी बाहेर जायला हवं होतं. मी गेले नाही.

"पिशवीत होती का रे?" जाऊबाईने विचारलं.

त्याने इस्त्रीची वायर सरळ केली. "नव्हती," म्हणाला. "विसरलो मी. नेहमीसारखी पेटीत टाकली."

"मग वर जाऊन सांग."

"आता कसं सांगू, मावशी? सगळीकडे छापून आलंय. तुमचं काम जाणार नाही, मी शब्द देतो. तुम्हाला कुणी काही बोलणार नाही."

"मला बोलतायत ते काय कमी आहे?"

तीन कप उचलणाऱ्याला एक वाक्य उचलवेना. जाताना त्याने तिच्या पाया पडायला वाकायचा प्रयत्न केला, तिने पाय मागे घेतले.

कपाट उघडायच्या दिवशी सगळ्या नोकरांना संग्रहालयाच्या दालनात बोलावलं होतं. माळ्यापासून तिकीटवाल्यापर्यंत सगळे, शिवाय रांग लावून आलेले लोक. मधल्या टेबलावर तीन कप. मला वाटलं होतं जाऊबाई येणार नाही, पण ती आली, तेही चापूनचोपून तयार होऊन. मला कळलं की तिने अजून आशा सोडलेली नाही. त्या मूर्खपणाचा मला तिच्यावरच राग आला.

अध्यक्षांनी भाषण केलं. क्लब म्हणजे एक कुटुंब आहे, म्हणाले. कुटुंबात चुका होतात आणि मोठ्या मनाने पोटात घालायच्या असतात. "आम्ही आमच्या मावशींना माफ केलंय." टाळ्या पडल्या. माझा नवराही टाळ्या वाजवत होता, मी त्याला कोपर मारलं. मग अध्यक्षांनी तिला पुढे बोलावलं, कप्तानाने तिच्या खांद्यावर हात टाकला आणि कॅमेरेवाले पुढे सरसावले.

जाऊबाईने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. नुसती वाट बघत राहिली. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याचे ओठ हलले, मी शपथेवर सांगते, हलले. मग त्याने कॅमेऱ्याकडे बघून हसू आणलं.

तिने त्याचा हात खांद्यावरून उचलला आणि त्याच्या कोटाशी नेऊन सोडला. मग ती कपाटापाशी गेली. एक बाई आपल्या मुलीला पाटी वाचून दाखवत होती. चुकून धुतली गेली, ती वाचत होती, आणि जाऊबाई दिसताच गप्प झाली.

"चुकून नाही, बाई," जाऊबाई म्हणाली. आवाज चढवलेला नव्हता, पण दालनात सगळ्यांना ऐकू गेला. "मी धुतली. थंड पाण्यात भिजवून, हातानं धुतली. आणि बघा, एक डाग राहिलेला नाही."