गाठ गेल्याची साक्ष

ताईने अकोल्याच्या चर्चमध्ये उभं राहून साक्ष दिली की प्रभूने तिच्या छातीतली गाठ काढून टाकली. गाठ होती तिथंच होती. हे तिनेच मला फोनवर सांगितलं, वर हसून.

आमच्यात उपासना संपताना ज्याची प्रार्थना ऐकली गेली तो उठून साक्ष देतो. काही जण मात्र उत्तर यायच्या आधीच आभार मानून मोकळे होतात. मागितलं म्हणजे मिळालंच, असा त्यांचा विश्वास. पोराच्या नोकरीसाठी ठीक आहे बाप्पा, फार तर नोकरी लागत नाही. पण छातीतली गाठ?

"मंग तपासाले कवा जाऊन राहिली?" मी विचारलं. डॉक्टरांनी बायोप्सी ताबडतोब करा म्हणून सांगितलं होतं.

"आता काहून जाऊ? साक्ष देल्ली नं. गेलो तर माहा विश्वास नाही असं होईन. देव काय म्हनन?"

इकडे माझ्या शहरात, राजापेठेच्या रस्त्यावर, स्कूटी बाजूला घेऊन मी फोनवर बोलत उभी होते. मागून हॉर्न वाजत होते. आमची आई ह्याच दुखण्याने गेली. तिच्यासाठी आम्ही दोघींनी गुडघे सोलवटेपर्यंत मागितलं होतं. तेव्हा जो गप्प राहिला तो आत्ता ऐकेलच, हे मी कशावरून धरू? मला देवाचीच भीती वाटायला लागली.

शनिवारी एसटी पकडून अकोल्याला गेले. मी तोंडाची फटकळ. चप्पल काढायच्या आधीच भांडण सुरू केलं.

"तुले देवापेक्षा डॉक्टर मोठा वाटते का?" ताई म्हणाली.

"देवाले मधात आनू नको! मरनाच्या आदल्या राती बागेत खुद्द येशूनं मरन टळू दे म्हून मांगलं होतं, त्याले तरी भेटलं का? तुले भेव लागून राहिलं म्हून तू जात नाही!"

ती पोळ्या लाटत राहिली. एक पोळी तव्यावर जळून काळी झाली तरी तिला वास आला नाही.

रविवारी उपासनेनंतर सगळे अंगणात चहा घेत होते. मंडळीतलीच एक तरुण बाई, कडेवर लेकरू, ताईपाशी आली आणि तिने ताईचा हात घट्ट धरला.

"ताई, मलेबी तसीच गाठ आहे. तुमची साक्ष ऐकली न मी दवाखान्यात जाचंच सोडून देल्लं. पुढच्या रविवारी मीबी उभी राहतो."

ताईच्या बशीतला चहा साडीवर सांडला.

"नको वं माय!" ती ओरडलीच. "माही गाठ गेली नाही. आहे तिथंच आहे. मोठी झाली वं!"

मागून कोणीतरी सवयीने "स्तुती असो" म्हणालं आणि जीभ चावली. चर्चचे पाळकसाहेब खाली बघत राहिले. ताई त्या बाईचं मनगट धरून म्हणत होती, "चाल, मी येतो तुह्यासंगं. आपन दोघी जाऊ."

दोघी गेल्या. रिपोर्ट येईपर्यंत मी अकोल्यातच राहिले. प्रार्थनेला डोळे मिटले की 'प्रभू' एवढंच निघायचं, पुढे शब्द सापडत नव्हते.

त्या बाईची गाठ साधी निघाली. ताईची नाही.

बाईच्या घरी उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवली, तेव्हा ताई मला ओढत घेऊन गेली. ती मोठ्या आवाजात गायली, बाईच्या लेकराला मांडीवर घेतलं, पोटभर जेवली. मी ताटातला भात नुसता चिवडत होते. एकीला हो आणि एकीला नाही. हा कुठला न्याय, असं मला ओरडून विचारायचं होतं.

परत येताना ऑटोत तिने माझा हात धरला. तिचा तळवा घामाने ओला होता.

"मले लई भेव लागून राहिलं वं," ती म्हणाली. "माह्यासाठी मांग. पन आभार मानू नको. नुसतं मांग."