आईचे मार्क

देवस्थळी बाई एकाच प्रोजेक्टला दोन वेगवेगळे मार्क द्यायच्या. वर लाल पेनाने आई-वडिलांचे, खाली हिरव्या पेनाने मुलाचे. चौथीतली पोरं थर्माकोलचे किल्ले आणि बॅटरीवर फिरणाऱ्या पवनचक्क्या घेऊन यायची. त्यातलं कापणं-चिकटवणं कोणाचं, हे बाईंना लांबूनच कळायचं. ‘काम सुबक. पालक : नऊ. मुलगा : अजून काही करायला मिळालेलं नाही,’ असा शेरा त्या शांतपणे मारायच्या. दहापैकी दहा मात्र त्या कोणालाच देत नसत.

बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी मीरा रोडच्या त्या शाळेत नवीन लागले, तेव्हा माझा वर्ग त्यांच्या शेजारी होता. मला वाटलं, ओपन डेला आता भांडणं होणार. झालीही, पण भलतीच. मुलाच्या मार्कांची जागा रिकामी राहिल्याचं कोणाला फारसं वाटलं नाही. पालक चिडले ते स्वतःच्या मार्कांवर. शांती नगरातले शाहभाई तर कापडाचं दुकान बंद ठेवून आले.

"टीचर, मेरे को सात और बाजूवाले को आठ, ऐसा कैसा?"

"आपका ज्वालामुखी टेढ़ा है, शाहभाई."

"टेढ़ा तो असली भी होता है."

बाईंनी विचार केला आणि अर्धा मार्क वाढवला. नंतर मला म्हणाल्या, "माणूस अभ्यास करून आला होता गं."

मुलाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पालकांनी दिलं, की बाई त्यांनाही वर्गातलाच हुकूम सोडायच्या : "हाताची घडी, तोंडावर बोट." बँकेतले मॅनेजरसुद्धा मुकाट्याने ऐकायचे. मला हसू आवरायचं नाही.

चिन्मयच्या आईपुढे मात्र हा हुकूम चालत नव्हता. लग्नानंतर गिरगाव सोडून इकडे आलेली ही बाई मुलाच्या पेन्सिलींना टोकही स्वतः करायची. प्रोजेक्ट तर बघत राहावं असं. लाल पेनाचे साडेनऊ ठरलेले, आणि हिरवी जागा वर्षभर कोरी. दिवाळीनंतरच्या ओपन डेला ती रडवेली होऊन आली.

"बाई, माझे सगळे कापा, पण त्याला काहीतरी द्या हो. घरी म्हणतो, मला काही येतच नाही."

बाईंनी चष्मा काढला. "त्याने केलं की लगेच देते. तुम्ही इतकं छान करता, की त्याला जागाच उरत नाही."

वर्षातलं शेवटचं प्रोजेक्ट होतं भाईंदरच्या मिठागराचं. चिन्मय पत्र्याच्या ताटात चिखल आणि खडेमीठ घेऊन आला. बांध वाकडेतिकडे, मिठाचं पाणी झालेलं. ताट टेबलावर ठेवताना एक बांध फुटला आणि पाणी बाईंच्या पेपरांकडे निघालं. आई दारातून धावली.

"चिन्मयची आई, हाताची घडी, तोंडावर बोट."

या वेळी तिने ऐकलं. चिन्मयने वळून तिच्याकडे पाहिलं. ती जागची हलली नाही. मग त्याने कोपऱ्यातला चिखल उचलला आणि अंगठ्याने भगदाडात दाबला. तरी थोडं झिरपत होतंच.

बाईंनी ताटाजवळचं नावाचं कार्ड घेतलं आणि हिरव्या पेनाने चार लिहिले.

"चारच?" आईच्या तोंडावरचं बोट निघालं. "निदान पाच तरी, बाई. सगळं त्याने एकट्याने केलंय."

"चारच. पण चारही त्याचे आहेत."

चिन्मय ते कार्ड पुन्हा पुन्हा वाचत होता. एवढा खूश झालेला मुलगा मी त्या शाळेत क्वचितच पाहिला. आईने डोळे पुसले आणि जाता जाता सवयीने विचारलं, "आणि माझे?"

"तुम्ही यात काय केलंत?"

"काहीच नाही हो. आतल्या खोलीत बसून राहिले. जीव नुसता वरखाली होत होता."

बाईंनी चिन्मयकडून कार्ड मागून घेतलं, लाल पेन उघडलं आणि वर लिहिलं : पालक : दहापैकी दहा.